अर्ध्या इंचाची तक्रार

हातात एकेचाळीस नंबरचं टोकन, भिंतीवरच्या पाटीवर सतरा, आणि काउंटरवरचे साहेब चष्मा पुसण्यात गुंग. दारं-खिडक्या बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवा कक्षात ती पाऊण तास बसून होती आणि तिच्या डोक्यात तिडीक जायला लागली होती. शेजारच्या खुर्चीवर एक उंचसा माणूस छातीशी फाईल धरून कागद चाळत होता. तोही आपल्यासारखाच गांजलेला ग्राहक असणार असं धरून तिनं मन मोकळं करायला सुरुवात केली.

ती कपड्यांच्या कारखान्यात पॅटर्न कापायची. त्या जागेवरच्या पुरुषाला मास्तर म्हणतात, म्हणून तिथल्या बायका तिला मास्तरीण म्हणत. तीन महिन्यांपूर्वी मास्तरणीनं चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं होतं, स्वतःच्या एकटीच्या नावावर. घरात सगळं मनासारखं होतं, फक्त याच कंपनीकडून मापानं बनवून घेतलेलं बाल्कनीचं सरकतं दार सोडून. त्याचे दोन पल्ले जवळ यायचे आणि वरच्या अंगाला दोन बोटांची फट ठेवून अडून बसायचे. दुपारी चारनंतर वारा सुटला की ती फट शीळ घालायची. इतकी लांबलचक आणि निर्लज्ज शीळ, की समोरच्या इमारतीतले आजोबा दोनदा बाल्कनीत येऊन कोण ते बघून गेले होते.

"तीनदा तक्रार नोंदवली," ती सांगत होती. "तीनदा कुणी आलं नाही, आणि तीनदा संदेश आला... तुमची तक्रार सोडवली आहे, धन्यवाद. फोन केला तर बावीस मिनिटं नुसती टिंगटिंग धून. आता कापड कापतानाही मी तीच गुणगुणते. या तक्रारी बंद करणाऱ्या महाभागाला ना, माझ्या दाराला बांधून ठेवलं पाहिजे. चार ते सहा."

"चार ते सहाच का?"

"तेव्हा ते शीळ घालतं."

त्यानं जरा विचार केला. "तक्रार क्रमांक सांगता?"

"तुम्हाला कशाला?"

त्यानं फाईल बाजूला केली. शर्टाच्या खिशावर कंपनीचं नाव होतं. "आधीचे महाभाग बदलून गेले. कालपासून तुमचा भाग माझ्याकडे आहे. म्हणजे बांधायचा तो आता मीच."

ती कानापर्यंत लाल झाली, पण माघार घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं क्रमांक खणखणीत आवाजात सांगितला. त्या शर्टाचा खांदा दोन बोटं खाली उतरलाय आणि तो ज्यानं शिवला त्याला काही कळत नाही, हेही तिनं त्याच दमात बघून घेतलं.

तो खरंच आला, त्याच गुरुवारी, साडेचारला. दारानं त्याचं स्वागत शीळ घालून केलं. तो उंबऱ्याशी थबकला आणि पहिल्यांदाच हसला.

"मला वाटलं, तुम्ही वाढवून सांगत होता."

"मी काहीच वाढवून सांगत नाही," ती म्हणाली. हे वाक्य तिला पुढे फार दिवस आठवणार होतं.

त्यानं पट्टी काढली, भिंतीतली मोकळी जागा मोजली, मग चौकट मोजली. मग पुन्हा दोन्ही मोजलं. फाईलमधला एक कागद काढून बघितला, तिच्याकडे बघितलं, कागद परत ठेवला. काय झालं म्हणून तिनं विचारलं तर म्हणाला, चौकट भिंतीत दाबून बसवलीय, त्यामुळे मधे फुगलीय. चौकट काढायला वरची परवानगी लागते, वेळ लागेल. मग त्यानं तिला एक गोष्ट बजावली. तिच्या फोनवर चार आकड्यांचा कोड आला असेल. नवीन पद्धत होती. तो कोड मिळाल्याशिवाय आता कुठलाही कारागीर तक्रार बंद करू शकत नव्हता.

"काम पूर्ण होईपर्यंत तो कुणालाही द्यायचा नाही," तो म्हणाला. "कितीही गोड बोलला तरी."

"तुम्हालासुद्धा?"

"मला तर मुळीच नाही."

तिनं फोनमध्ये त्याचा नंबर 'दारवाला' म्हणून ठेवला.

दारवाला दर गुरुवारी येऊ लागला. पुढच्या खेपेला त्यानं चाकं बदलली, त्याच्या पुढच्या खेपेला पल्ल्यांच्या कडेला ब्रशची पट्टी लावली. फट दोन बोटांवरून एका बोटावर आली, शीळ बारीक झाली, पण गेली नाही. काम करताना तो गुणगुणायचा, आणि गुणगुणायचा ती टिंगटिंग धून! तिनं पकडलं तेव्हा म्हणाला, आम्हालाही ऑफिसला फोन लावला की हीच ऐकवतात, आम्ही काही वेगळे नाही.

ती चहा करायची. तो बाल्कनीत उभा राहून प्यायचा आणि समोरच्या आजोबांना हात करायचा. एकदा त्यानं विचारलं, एवढं घर एकटीनं कसं काय घेतलंत? या प्रश्नाची तिला सवय होती. लोक विचारायचे त्यात थोडी कीव असायची. त्याच्या विचारण्यात सरळ कौतुक होतं. तिनंही सरळ सांगितलं, की आई अजून म्हणते, घर घेतलंस खरं, पण मोडतोड झाली तर बघणार कोण? तिला उत्तर म्हणून हे घर नीट उभं करायचंय.

"मग बघताय की तुम्ही," तो म्हणाला. "मी फक्त स्क्रू पिळतोय."

बुधवारी संध्याकाळी कारखान्यातून येताना ती आता बिस्किटं घेऊ लागली होती. गुरुवारी केस धुतले जायला लागले होते. ती स्वतःला फसवणाऱ्यातली नव्हती. आरशासमोर उभी राहून तिनं स्वतःला स्पष्ट सांगून टाकलं... बाई गं, तुला तो आवडतो. आणि दाराला अजून एक बोट फट आहे, हे फार बरं आहे.

चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी तिनं अर्धी रजा टाकली आणि पुन्हा त्या सेवा कक्षात गेली. भांडायला नाही, तर त्याचं कौतुक लेखी नोंदवायला. एखाद्याचं काम चोख असेल तर ते वर कळवायला हवं, असं तिचं मत होतं. काउंटरवरच्या साहेबांना कौतुकाचा अर्ज कुठल्या खणात असतो तेच आठवेना. तिनं दारवाल्याचा विषय काढताच मात्र त्यांनी चष्मा काढला.

"चांगला माणूस, पण हट्टी. नव्या कारागिरांना शिकवायची जागा निघालीय, इथेच, आमच्या शाळेत. यादीत पहिलं नाव त्याचं होतं. पण एक तक्रार उघडी ठेवून बसलाय. शनिवारी तीस दिवस भरतात. तीस दिवस उघडी राहिली की नाव कटतं, नियमच आहे."

"कुठली तक्रार?"

साहेबांनी पडद्याकडे बघितलं आणि मग तिच्याकडे. "तुमचीच की. आणि खरं सांगू का, ही पहिल्याच दिवशी बंद व्हायला हवी होती. चूक आमची नाहीच. माप तुम्ही दिलंय."

त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. अक्षर तिचं होतं. त्यावरची रुंदी तिनं दोनदा वाचली. भिंतीतली जागा तिनं मोजली होती बरोबर, अगदी दोऱ्याइतकी बरोबर. आणि लिहिताना अर्धा इंच वाढवून लिहिली होती. शिलाईत जाणारं कापड! पंधरा वर्षं ती प्रत्येक मापात अर्धा इंच धरत आली होती. हातानं तो आपोआप धरला, आणि कंपनीनं तेवढी चौकट बनवून भिंतीत ठोकली.

त्याला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. 'ग्राहकाची चूक' एवढे दोन शब्द लिहिले असते तर कोडसुद्धा लागला नसता. तक्रार बंद, ती नव्या दाराच्या खर्चात, आणि तो शाळेत शिकवायला मोकळा. त्यानं ते लिहिलं नव्हतं.

ती बाहेर पायरीवर आली आणि त्याला फोन लावला.

"कोड लिहून घ्या. सात..."

"थांबा," तो म्हणाला. "दार मिटलं का?"

"मिटलं नाही तरी चालेल मला."

"मला चालणार नाही."

"तुमची जागा जाईल. अहो, अर्धा इंच माझा आहे... तुम्ही सांगितलं का नाही?"

"माप घ्यायला आमच्या माणसानं यायचं असतं. तुम्ही तीनदा दिवसभर वाट बघत बसलात, म्हणून स्वतः मोजलंत. तुमच्या एका चुकीआड आमच्या तीन चुका लपवायच्या, हे मला जमेना." मग आवाज जरा खाली आला. "आणि खरं सांगायचं तर... आधी तेवढंच कारण होतं. नंतर गुरुवारचीही सवय लागली."

तिला ते नीट ऐकू आलं. पण आत्ता लाजत बसायला वेळ नव्हता. शाळेत शिकवायला लागला की तो कुणाच्या घरी दुरुस्तीला जाणार नव्हता, तिच्याही नाही. हे तिला चांगलं कळत होतं. तरी तिनं फोन ठेवला, आत गेली आणि नवं टोकन घेतलं. त्रेपन्न.

नंबर आल्यावर तिनं साहेबांपुढे कागद ठेवला. त्यावर तिनं स्वच्छ लिहिलं होतं, की माप लिहिताना अर्धा इंच आपला वाढला, आपल्या धंद्याच्या सवयीनं. खाली तीन तारखा होत्या, ज्या दिवशी कंपनीचा माणूस माप घ्यायला येणार होता आणि आला नव्हता. आणि त्याखाली आणखी तीन, ज्या दिवशी न येता तक्रार बंद केली होती.

"माझी एक चूक मी सही करून दिली," ती शांतपणे म्हणाली. "आता तुमच्या सहा चुकांखाली तुम्ही सही करा. नाहीतर चौकट काढून नीट बसवायची परवानगी द्या. दार नवं नको मला. भिंतीचा गिलावा दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच कोरला की हेच बसेल."

साहेबांनी सहा तारखा मोजल्या. मग परवानगीचा अर्ज कुठल्या खणात असतो ते त्यांना चटकन आठवलं.

शुक्रवारी सकाळी तो एका गवंड्याला घेऊन आला. दिवसभर घरात धुरळा, ठोकाठोक आणि भिंतीला भलंमोठं भगदाड. गवंडी जेवायला खाली गेला तेव्हा दोघं त्या भगदाडापाशी उभी होती, आणि दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होती. तीनपर्यंत चौकट परत बसली. चारला वारा सुटला. त्यानं एका बोटानं पल्ला सरकवला... आणि दार मिटलं. शीळ नाही, काही नाही. घर पहिल्यांदाच इतकं शांत झालं, की स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू यायला लागलं. समोरचे आजोबा बाल्कनीत आले आणि काय बिघडलं ते बघू लागले.

गवंडी अवजारं घेऊन गेला. दारवाला फोन हातात धरून उभा राहिला.

"सात," ती म्हणाली. "दोन. शून्य."

"आणि?"

"चौथा आकडा माप दिल्यावर. उभे राहा सरळ." तिनं गळ्यातली टेप काढली. "महिनाभर तुमच्या या शर्टाचा खांदा बघतेय. आता सहन होत नाही."

तो सरळ उभा राहिला. तिनं खांदा मोजला, छाती मोजली, हाताची लांबी मोजली. तिचे हात सराईतपणे चालत होते, पंधरा वर्षांची सवय होती. तो मात्र श्वास रोखून उभा होता.

"श्वास घ्या. नाहीतर माप चुकेल."

"चुकू दे. अर्धा इंच जास्त धरा."

"धरणारच आहे. कापडात धरावाच लागतो." तिनं टेप गुंडाळली आणि त्याच्याकडे बघितलं. "पाच. शेवटचा आकडा पाच."

त्यानं तो दाबला. तक्रार बंद झाली, आणि या वेळी ती खरोखरच बंद झाली होती. तो पिशवी उचलून दारापर्यंत गेला, काहीतरी बोलायला वळला, आणि नुसताच "बरंय मग" म्हणून जिना उतरला. तिनं त्याला थांबवलं नाही. मापं तिच्याकडे होती.

पुढच्या गुरुवारी साडेचारला घंटा वाजली. तो उभा होता, खिशावर कंपनीचं नाव नसलेल्या साध्या शर्टात, आणि हातात पिशवीही नव्हती. त्याला ती जागा मिळाली होती, सोमवारपासून शाळेत जायचं होतं. हे सगळं त्यानं उंबऱ्याबाहेरूनच एका दमात सांगून टाकलं.

"आज काय तक्रार आहे?" तिनं विचारलं.

"काहीच नाही. तेच तर... आज यायला काही कारण नाही माझ्याकडे."

"मग का आलात?"

"तुम्ही आवडता म्हणून," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. बांधून ठेवायचं म्हणालात ना, तेव्हापासून."

उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. कंपनीचा नंबर होता. तिनं आवाज मोठा केला. ती ओळखीची टिंगटिंग, आणि मग एक गोड यांत्रिक बाई... 'आमच्या कारागिरानं दिलेल्या सेवेबद्दल आपण पूर्ण समाधानी असाल तर एक दाबा. कारागिरानं पुन्हा यावं असं वाटत असेल तर दोन दाबा.'

मास्तरणीनं त्याच्या डोळ्यांत बघत, अजिबात घाई न करता, दोन दाबलं. मग फोन ठेवून तिनं खुंटीवरचा नवा शर्ट काढला आणि त्याच्या खांद्याला लावून बघितला. खांदा जागच्या जागी बसला होता.

"आत या," ती म्हणाली. "आणि बाल्कनीचं दार लावून घ्या. आता ते लागतं."