ताण दिलेली ब्राह्मी

मुलुंडला एलबीएस रोडच्या आतल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात मी ब्राह्मी पिकवते. माती अजिबात नाही. आडव्या पांढऱ्या पाइपांना भोकं, भोकांत रोपं, खालून खत मिसळलेलं पाणी वाहतं आणि वर जांभळे दिवे. शेजारी पुठ्ठ्याची खोकी बनतात, त्यामुळे आमच्याकडे कायम डिंकाचा वास. मी वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलंय. झाडांशी गप्पा मारणाऱ्या बायकांचं मला हसू येतं.

आमच्या कामातली साधी गोष्ट सांगते. सुखात वाढलेलं रोप दिसायला हिरवंगार, पण औषध म्हणून मिळमिळीत. काढणीआधी त्याला ताण द्यावा लागतो. पंप बंद करायचा आणि पानं माना टाकेपर्यंत थांबायचं. मग जीव वाचवायला रोप जे घटक भराभर बनवतं, तेच आपल्याला हवे असतात. तपासणीत आमच्या ब्राह्मीत ते बाजारातल्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले, तेव्हा माझा भागीदार निहार गाळ्यात चक्क नाचला होता.

मला ती बाबांसाठी हवी होती. नवघर रोडच्या घरी ते मला 'ताई' म्हणायला लागले होते, परक्या बाईला म्हणतात तसं. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच होत्या. पण त्यांच्या तोंडून एकदा 'उत्तरा' ऐकायला मी काहीही केलं असतं. रोज सकाळी मी त्यांना ताज्या पानांचा रस देऊ लागले.

बरेच दिवस काही फरक नाही. मग एकदा चहा पिता पिता बाबा म्हणाले, "तो डिंकाचा वास नकोसा होतो."

बाबांनी गाळा कधी पाहिलेला नव्हता. माझ्या कपड्यांना वास येत असणार, असं मी स्वतःला समजावलं आणि कप उचलून नेला.

पुढच्या काढणीनंतर निहार घरी आला, पहिल्यांदाच. बाबांनी त्याला नीट न्याहाळलं.

"हा शिट्टी वाजवतो," ते म्हणाले. "आणि जाताना दिवे घालवायला विसरतो."

निहार खो खो हसला. "काका एकदम झकास! तूच सांगितलंस ना गं?"

मी काही सांगितलं नव्हतं.

तो गेल्यावर मी बाबांच्या पुढ्यात बसले. "बाबा, मी कोण?"

 त्यांच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं, मला ते दिसलं, आणि परत गेलं. त्या क्षणी मला इतका राग आला! ठरवलं, आता ताण वाढवायचा.

"उत्तरा, मरतील ती, यार," दुसऱ्या दिवशी गाळ्यात निहार म्हणाला.

"मरणार नाहीत. मी बघतेय ना."

पंप बंद केला आणि स्टूल ओढून समोरच बसले. पानं मऊ पडली, देठ वाकले, पाइपांच्या कडांवर माना लोंबू लागल्या. मी हलले नाही. दुपारी फोन वाजला. बाबांना सांभाळणाऱ्या प्रेमाताई होत्या.

"ताई, लवकर या. काका सारखं पाणी पाणी करतायत."

"मग द्या ना त्यांना."

"देतेय हो! पेला तोंडाशी नेला तर पीत नाहीत. पाय पुढे करतायत."

मी धावत जाऊन पंप चालू केला. पाइपांतून पाणी खळखळलं.

"हां, झाले शांत," प्रेमाताई म्हणाल्या.

योगायोग. मी तो शब्द मोठ्याने उच्चारून पाहिला.  मग रोपं सावरायच्या आत मी कात्री घेतली आणि सगळी काढणी उरकली.

सकाळी रस काढताना मला भीती वाटत होती. खोटं कशाला सांगू, ओतून द्यावासा वाटत होता. पण मला माझं नाव हवं होतं.

बाबांनी पेला रिकामा केला. तोंड पुसलं. वर पाहिलं.

किती वर्षांनी त्यांचे डोळे इतके स्वच्छ दिसले.

"बाबा, मी कोण?"

"उत्तरा," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. मिठी मारायला मी पुढे झाले.

त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि निमूटपणे मान एका बाजूला कलती केली, कात्रीला सोपं जावं अशी.