बंद सभागृहातला सूर

"ऊंऽऽऽ!"

"भोपळ्या, तूच केलंस ना हे?" ताईनं दरडावलं.

"मी? माझं तोंड बघ, बिस्किटानं भरलंय!"

तिघं भावंडं जागच्या जागी थबकली. सुट्टीत नगरसभागृह बघायचा बेत आत्याचाच. तिथं भिंतभर उंच नळ्यांचा एक जुना ऑर्गन होता. विजेच्या पंख्यानं हवा भरली, की तो वाजायचा. त्याचे सूर लावायचं काम आत्याकडे होतं. 'दुपारी दारापाशी या, सगळं दाखवते,' असं तिनं बजावलं होतं. आणि आता दाराला हे भलंमोठं कुलूप! आत्याचा पत्ताच नाही.

"ऊंऽऽ..."

बंद दाराआडून पुन्हा तोच खोल, रडवेला आवाज आला. धाकट्या चिमणीनं ताईचा हात घट्ट धरला. लांबलचक दगडी व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. भरदुपारीही खांबांमागचा अंधार हलल्यासारखा वाटत होता.

"ऑर्गन वाजतोय," ताई कुजबुजली.

"कसा वाजेल?" मागून पहारेकरी म्हणाला, तशी तिघांनी केवढी उडी मारली! "फरशीला पॉलिश करणारे गेले तेव्हा मेन स्विच मीच बंद केलाय. हवाच नाही, तर वाजवतंय कोण? मी तर त्या ऑर्गनच्या जवळ फिरकतच नाही. जुन्या वास्तूत असतं कुणीतरी!"

भोपळ्या दोन पावलं मागं सरकला. चिमणीनं मात्र दाराला कान लावला.

"ताई, ते मध्येच थांबतंय. दम लागल्यासारखं. भुताला दम लागतो का गं?"

ताई गर्रकन पहारेकऱ्याकडे वळली. "कुणीतरी तोंडानं नळी फुंकतंय! मामा, पॉलिश सुरू व्हायच्या आधी आत हाक मारली होती?"

"रोज मारतो. पण सूर लावताना शिंकसुद्धा चालत नाही, अशी बाईंची ताकीद होती. म्हणून आज मी नुसता हळूच डोकावलो. कुणी दिसलं नाही. वाटलं, बाई गेल्या."

"आत्या सूर लावायला ऑर्गनच्या पोटात शिरली असणार!" ताई ओरडली. "पॉलिशच्या मशीनच्या घरघरीत तिच्या हाका कोण ऐकणार?"

दाराच्या फटीतून पॉलिशचा उग्र वास येत होता. नुसत्या वासानं डोळे चुरचुरले. आतला सूर आता अगदी बारीक झाला होता.

तिघं व्यवस्थापकांकडे धावली. किल्ली त्यांच्याकडेच होती.

"मुळीच नाही!" साहेब गरजले. "पॉलिश ओलं आहे. उद्यापर्यंत आत पाऊल पडता कामा नये! भुतंबितं दुसरीकडे शोधा!"

"अहो, आमची आत्या—"

"बाई सकाळीच गेल्या!"

भोपळ्यानं डोळे विस्फारले. "साहेब, मांजर! आत मांजर शिरलंय! पॉलिशवर नुसतं नाचतंय!"

"काय?" साहेब किल्ल्या घेऊन सुसाट सुटले. माणसासाठी न उघडणारं दार मांजरासाठी खाडकन उघडलं!

"कुठंय मांजर?"

उत्तर द्यायला थांबतंय कोण? नाक दाबून तिघं ओल्या पॉलिशवरून घसरत ऑर्गनपाशी पोचली. कडेच्या छोट्या दाराची कडी बाहेरून पडली होती. ताईनं ती वर केली. आत नळ्यांच्या दाटीत आत्या भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक, हातात एक सुटी नळी.

पहारेकऱ्यानं आणि ताईनं तिला आधार देत मोकळ्या हवेत आणलं. पाणी प्यायल्यावर तिचा जीव जरा थाऱ्यावर आला.

"या पोरांचं मी ऐकायला हवं होतं," साहेब खाली मान घालून म्हणाले. "आणखी तासभर गेला असता तर... शाबास रे पोरांनो!"

"मीही हाक मारायला हवी होती," पहारेकरी पुटपुटला.

आत्यानं चिमणीला कुशीत ओढलं. "एवढुशी तू! भीती नाही वाटली?"

"वाटली ना," चिमणी म्हणाली. "आणि भूत नाही हे कळल्यावर तर खूपच वाटली."

आत्यानं मग तिला किती तरी वेळ सोडलंच नाही.