आईच्या फोटोंचं निमित्त

"असल्या माणसांचा काही भरवसा नसतो," असं मी आईला सांगत होते, आणि तेवढ्यात एका माणसावर पडले.

म्हणजे अगदी अंगावर नाही... पायांवर. चौकातल्या कारंज्याजवळ तो ओल्या फरशीवर पालथा झोपला होता आणि कॅमेऱ्यातून साचलेल्या पाण्यात काहीतरी बघत होता. सकाळचं ऊन नुकतंच छपरांवरून खाली उतरत होतं, रस्ता रिकामा होता, आणि एवढ्या मोठ्या चौकात मला अडखळायला नेमके याचेच पाय सापडले.

"लागलं का?" त्यानं पालथ्यापालथ्याच मान वळवून विचारलं.

"इथे रस्त्यात झोपायची पद्धत आहे का?"

"नाही. मी एकटाच झोपतो." तो उठून बसला. शर्टाची पुढची बाजू सगळी भिजलेली. "पाण्यात तो मनोरा उलटा दिसतोय. तुम्ही पाय ठेवेपर्यंत फार छान दिसत होता."

"ज्यांचा भरवसा नसतो ते फोटोवाले तुम्हीच का?" आईनं मागून शांतपणे विचारलं.

मला वाटलं, कारंज्यात उडी मारावी. त्यानं मात्र माझ्याकडे एकदा बघितलं, मग आईकडे, आणि शर्ट झटकत म्हणाला, "हो काकू. मीच तो."

झालं होतं असं, की आईची सगळी नोकरी रुग्णालयाच्या वॉर्डांत गेली. निवृत्त झाली तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात लावायला तिचा फोटो शोधला, तर ओळखपत्रावरचा तेवढा एक सापडला. त्यात ती नुकतीच पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसत होती. घरच्या फोटोंत ती नाहीच, कारण कॅमेरा कायम तिच्याच हातात. कुठे असलीच तर अर्धा खांदा, नाहीतर नुसती सावली. त्या दिवशी घरी येऊन तिनं जाहीर केलं, "आता सहलीला जाणार आणि माणूस लावून माझे फोटो काढून घेणार. माझे एकटीचे." बाबा म्हणाले, घरात आरसा आहे की. मग दोन दिवस त्यांना जेवताना मीठ मागून घ्यावं लागलं.

सोबत म्हणून मी. सहल संपली की आईला पुढच्या गावी मावशीकडे पोचवायचं आणि परतायचं, एवढंच माझं काम. मी एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर परक्या माणसांच्या डोळ्यांत वीतभर अंतरावरून बघते, त्यात मला काही वाटत नाही. पण माझ्याकडे कोणी बघत राहिलं की माझे हात कुठे ठेवावेत ते मला कळत नाही. म्हणून मी आधीच सांगून टाकलं, "माझे फोटो काढायचे नाहीत."

"बरं," तो म्हणाला. "मग हे धरा."

त्यानं कापडाची एक मोठी चंदेरी तबकडी उलगडून माझ्या हातात दिली. तिच्यावर ऊन घ्यायचं आणि आईच्या चेहऱ्यावर टाकायचं. म्हणजे फी आम्ही द्यायची आणि हमालीही आमचीच.

"जरा वर... अजून... नाही, तुमची भुवई नाही. तबकडी."

"भुवई आपोआप जाते वर. माणूस बघून."

"जाऊ द्या. छान दिसते."

मी तबकडी तोंडासमोर धरली. पलीकडून आई म्हणाली, "ठकू, ऊन माझ्यावर पाड, झाडावर नको."

"ठकू?" त्यानं विचारलं.

"लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ उभी राहायची," आईनं खुलासा केला. "अजूनही राहते."

आईला हसवायला त्याला काही करावंच लागलं नाही. तो तिला वॉर्डातल्या गोष्टी विचारत गेला, ती सांगत गेली... रात्री पळून जाणारे पेशंट, इंजेक्शन म्हटलं की बेशुद्ध पडणारा पैलवान. जुन्या गल्ल्यांतून, निळ्या दारांपुढून, पुलाच्या कठड्याशी अशी आई चालत राहिली, आणि मी तबकडी घेऊन मागे. कधीकधी तो कॅमेरा खाली घेऊन नुसताच माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचे, "काय?" तो म्हणायचा, "उजेड बघतोय." खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, हे माझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं.

बिघडलं ते कॉफीच्या दुकानात.

त्यानं लॅपटॉप उघडून फोटो दाखवायला सुरुवात केली. शेवटचा एक फोटो आला आणि आई बोलायची थांबली. पुलावर, वाऱ्यानं स्कार्फ उडालेला, मान मागे टाकून हसणारी एक बाई. मी माझ्या आईला असं कधी बघितलंच नव्हतं. पण माझी नजर कामाची. स्कार्फचा धागान् धागा दिसत होता आणि डोळे... डोळे धुक्यात होते.

"हा जरा पुसट आलाय," मी म्हणाले.

"नाही. अगदी स्वच्छ आहे. हा मी हातानं फोकस केलाय, मुद्दाम."

"डोळे पुसट आहेत."

त्यानं स्क्रीन जवळ ओढली. मग लांब सरकवली. मग मान किंचित डावीकडे कलती केली. ही हालचाल मी दुकानात रोज बघते.

"तुम्ही शेवटचे डोळे कधी तपासलेत?" मी विचारलं.

त्याचा चेहरा दार लावून घ्यावं तसा बंद झाला. लॅपटॉप मिटत तो म्हणाला, "काकू, हिशेब झालाच समजा. उद्यासाठी दुसरं कोणी मिळालं तर बघा." कॉफी तशीच टाकून तो गेला.

"तुझ्या जिभेला काही हाड आहे का ग?" आई म्हणाली.

"खरं तेच बोलले."

"खरं चमच्यानं पाजायचं असतं, औषधासारखं. तू बाटलीच उपडी केलीस त्याच्या तोंडात."

दुपारभर मी खोलीत खिडकीशी बसून होते. आई आडवी झाली होती, पण झोपली नव्हती. तिची नजर माझ्या पाठीला टोचत होती. काय म्हणून मी एका परक्या माणसाचं इतकं मनाला लावून घ्यावं? पुन्हा भेटणारही नव्हता तो.

उतरत्या उन्हात मी खाली गेले, तर तो आमच्या अतिथिगृहाच्या बैठकीच्या खोलीत बसलेला. समोर वर्तमानपत्र, तेही उलटं.

"डोळे इतके गेलेत?" मी विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

पण तो हसला. थोडंसंच. "फोटो बहिणीला दाखवला. तुमचं बरोबर आहे." मग वर्तमानपत्राची घडी करत म्हणाला, "बाहेर चालाल?"

चालता चालता तो बोलला. त्याचे वडीलही फोटोग्राफर. गावातल्या निम्म्या लोकांच्या लग्नाचे फोटो त्यांनी काढलेले. पन्नाशीच्या आतच त्यांना काचबिंदू झाला, कळायला उशीर झाला, आणि नजर गेली ती गेलीच. अजूनही ते रोज सकाळी स्टुडिओत येऊन बसतात. लेन्स हातात घेऊन पुसत राहतात.

"मला सहा महिन्यांपासून कळतंय की काहीतरी चुकतंय," तो म्हणाला. "डोकं दुखतं. पण तपासायला गेलो... आणि त्यांनी तेच सांगितलं तर? जोवर गेलो नाही तोवर निदान..."

मला आईचा चमचा आठवला.

मी त्याला कोपऱ्यावर उभं केलं. रस्त्यापलीकडे चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर लांबलचक पाटी होती. "डावा डोळा झाका. वाचा."

त्यानं वाचलं. अडखळत, पण वाचलं.

"आता मान तिरकी करून."

"अरे," तो म्हणाला. "आता जास्त स्पष्ट दिसतंय."

"मी डॉक्टर नाही. आत काय आहे ते मला रस्त्यात उभं राहून सांगता येणार नाही. पण मान तिरकी केल्यावर दिसतं ते बहुतेक नंबरामुळे. बाकीचं उद्या डॉक्टरांकडे जाऊन बघायचं."

"उद्या तुमच्या आईचे फोटो आहेत."

"आई गेली तीस-चाळीस वर्षं फोटोवाचून राहिली. अजून एक दिवस राहील."

खरं तर आईला विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हा ती आधीच बूट घालून तयार होती. "मी येणार," ती म्हणाली. "असल्या ठिकाणी पुरुषमाणसं दारातून परत फिरतात. मला चांगली माहीत आहेत."

डॉक्टर बाईंनी नंबर काढला, डोळ्यांवर हवेची फुंकर मारून आतला दाब मोजला, मग बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले. आतली नस बघायला त्या वाकल्या. आईनं त्याचं मनगट धरलं होतं. नाडी बघतेय असं दाखवत होती, पण घड्याळाकडे काही बघत नव्हती. आणि मी, रोज हेच काम करणारी, भिंतीकडे तोंड करून उभी.

"दाब ठीक आहे. नस उत्तम," डॉक्टर बाई म्हणाल्या. "वडिलांचं आहे म्हणून वर्षातून एकदा दाखवायचं, चुकवायचं नाही. बाकी हा नुसता तिरका नंबर आहे. चष्मा लावा."

"एवढंच?" त्यानं विचारलं.

"अजून काही हवंय का?" आई म्हणाली, आणि स्कार्फनं नाक पुसत बाहेर गेली. चष्मा करायला टाकून झाल्यावर ती सरळ खोलीवर गेली. कारण काय तर म्हणे, पाय दुखतात. काल सकाळभर पुलावरून मिरवताना दुखले नव्हते.

थेंबांमुळे त्याला जवळचं काही दिसेना आणि ऊन सोसेना. काळा चष्मा लावून तो नदीकाठच्या बाकावर बसला, गळ्यात कॅमेरा नाही, हात मोकळे. मी शेजारी.

"काय काय दिसतंय ते सांग ना," तो म्हणाला. 'सांगा' कधी गळालं ते दोघांनाही कळलं नाही.

मी सांगत गेले. पलीकडे एक आजोबा कुत्र्याला रागावतायत, आणि कुत्रं त्यांच्याकडे न बघता बदकांकडे बघतंय. एका होडीला नुकताच पिवळा रंग दिलाय, आणि रंगवणाऱ्याच्या कानालाही लागलाय. पुलावर एक बाई दोन्ही हातांत पाव घेऊन उभी आहे आणि तिचं नाक खाजतंय.

तो खळखळून हसला. "आणि बाकावर?"

"बाकावर एक फोटोवाला आहे. कालपेक्षा बरा दिसतोय."

"त्याच्या शेजारी?"

पाण्यावरून गार वारा आला.

"मला जवळचं काही दिसत नाहीये," तो हळूच म्हणाला. "आत्ता तुला कोणी बघत नाहीये. सांग."

"शेजारी... एक मुलगी आहे. केस विस्कटलेत. तपासणीच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. कारण तिला... तिला फार भीती वाटत होती."

"कशाची?"

"एका परक्या माणसाच्या डोळ्यांची."

त्यानं नुसता बाकावर हात ठेवला, माझ्या हाताशेजारी, करंगळीला करंगळी लागेल न लागेल असा. कान मात्र लालभडक झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आईचे पुन्हा फोटो काढले. आपल्या डोळ्यांवर विसंबला नाही, प्रत्येक फोटो आधी मला दाखवायचा, "डोळे?" आणि मी म्हणायचे, "आहेत." आईचा एक फोटो असा आला, की तो तिनं कॅमेरा हातात घेऊन पुन्हा बघितला. मग म्हणाली, "हा बाबांना पाठव. आणि म्हणावं, आरशात हे दिसत नाही."

संध्याकाळी चष्मा तयार झाला. दुकान शहराच्या उंच भागात, दारापासून दगडी पायऱ्या थेट नदीपर्यंत उतरलेल्या. त्यानं चष्मा घातला आणि दारात थबकला. आधी समोरच्या छपरांकडे बघितलं, झाडाच्या एकेका पानाकडे, आणि मग माझ्याकडे. बघतच राहिला. पहिल्यांदाच मला माझ्या हातांचं काय करायचं हा प्रश्न पडला नाही.

"उजेड बघतोयस?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "तुला बघतोय. उद्या जाणार ना तुम्ही?"

"उद्या मी जाणार आहे," आई मध्येच म्हणाली. "माझ्या बहिणीकडे. मला एकटीला गाडीत बसता येत नाही असं कोणी सांगितलं? अख्खा वॉर्ड चालवलाय मी. हिची रजा आठवडाभर आहे, तिनं तिचं बघावं." आणि ती पायऱ्या उतरायला लागली, आमच्याकडे पाठ करून, मुद्दाम जरा भरभर.

आम्ही दोघं दारातच.

"तुला थांबायचं आहे का?" त्यानं विचारलं. "माझ्या डोळ्यांसाठी नाही. ते आता बरे आहेत. मला... तू आवडतेस म्हणून विचारतोय."

मी एरवी फटकन बोलणारी. आधी आई किती पायऱ्या उतरली ते बघून घेतलं. शेवटी म्हणाले, "परवापासून सारखं वाटतंय, की मला इथून जायचंच नाहीये."

त्यानं पायरीवर पाऊल टाकलं आणि डगमगला. "जमीन तिरकी झालीय."

"नवीन नंबर आहे. चार दिवस तसं वाटेल. हात दे."

त्यानं दिला. एकेक पायरी चाचपत आम्ही उतरत गेलो. तो मध्येच थांबायचा, मी थांबायचे, खाली नदीवर दिवे लागत होते. आई केव्हाच तळाशी पोचली होती आणि कठड्याला टेकून आमची वाट बघत होती. आम्ही तिच्या जवळून तसेच हात धरून पुढे निघालो, तेव्हा ती म्हणाली, "अरे, पायऱ्या संपल्या."

"माहीत आहे, काकू," तो म्हणाला.