पांढऱ्या चादरी

त्यागाचा महिमा अपरंपार आहे! पर्वत झिजतात, नद्या आटतात, पण थोरल्या बहिणीचं अंतःकरण... असो. इथे प्रश्न तिच्या टॉन्सिल्सचा होता.

आईवडील गेल्यावर ताईने स्वतःचा संसार मांडला नाही, धाकट्या भावाचा मांडून दिला, त्याच्या लाँड्रीत उभं आयुष्य घड्या घातल्या, आणि दर हंगामात हॉटेलांच्या चादरींपायी आपलं ऑपरेशन पुढे ढकललं. शेवटी ते झालं तेव्हा केस पिकले होते.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "लहान मुलं चार दिवसांत हुंदडतात, मोठ्यांना जड जातं. पाणी पीत राहा. खपली सुटताना रक्त आलं तर गिळू नका, थुंका, आणि तडक इथे या!" भावाने मान डोलावली. डोक्यात हॉटेलची ऑर्डर होती.

"दुखतंय का गं?" एवढ्या एका प्रश्नासाठी ताईचे कान आसुसले होते. आठवड्याने प्रश्न आला, पण भावजयीचा. "वन्सं, दुखतोय तो घसा, हात नव्हे ना? मग चार घड्या तरी घाला."

ती टेबलाशी उभी राहिली... आणि घशात काहीतरी ऊन, खारट ओघळलं! थुंकायचं कुठे? पुढे शुभ्र चादरी, मागे शुभ्र टॉवेल, दारात टेम्पो. तिने गिळलं. पुन्हा आलं, पुन्हा गिळलं. शेवटच्या घडीला पोट ढवळलं, आणि सारं लालकाळं होऊन बाहेर पडलं!

"चादर!" भाऊ किंचाळला. मग "ताई!" क्रम असाच होता, निवेदकाचा नाइलाज आहे.

इस्पितळात टाका घालून रक्त थांबवलं. "गिळत बसल्या, म्हणून कुणाला कळलं नाही," डॉक्टर म्हणाले. "थोडक्यात वाचल्या."

ताईने डोळे उघडताच भाऊ तिच्या पायांवर कोसळला. "ताई! तू मला आईच्या मायेने वाढवलंस, आणि मी नतद्रष्ट... तुझ्याआधी चादर बघितली गं! क्षमा कर, नाहीतर मला झोप लागायची नाही!"

"माझी जीभ झडो, वन्सं!" भावजय हुंदके देऊ लागली.

अश्रूंचा असा महापूर लोटला, की तो एक प्रश्न मात्र त्यात राहूनच गेला.

ताईने उशाशी सरकलेल्या भावाच्या केसांतून हात फिरवला. ओठ हलले. क्षमेची अमृतवाणी ऐकायला दोघांनी कान तिच्या तोंडाशी नेले...

"ती चादर," ती घोगऱ्या आवाजात पुटपुटली, "गार पाण्यात भिजव हं. गरम पाण्याने डाग पक्का होतो."