टेउनिसची नदी

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या मावसबहिणीच्या हातावरच्या खुणा मी स्वतः पाहिल्यात, म्हणून लिहितोय.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या वगैरे काही नव्हती. जे झालं ते भर दुपारी झालं. ऑगस्ट २०२०, मेलबर्नमधलं क्रेगीबर्न.

तेव्हा तिथे कडक लॉकडाउन होता. पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. दिवसातून एक तास वॉक, बस. कोणाकडे जायचं नाही, कोणी यायचं नाही.

सुनेत्रा, म्हणजे ही मावसबहीण, मूळची पुण्याची. जुने नकाशे कम्प्युटरवर आजच्या सॅटेलाइट फोटोंशी जुळवायचे, हे तिचं काम. नवरा विश्राम आयटीत, तोही घरूनच. नऊ वर्षांच्या उर्वीची शाळा आयपॅडवर.

त्या महिन्यात एका खासगी संग्राहकाने तिला टेउनिस नावाच्या डच नकाशाकाराचे समुद्री नकाशे दिले होते. चारशे वर्षांपूर्वीचे. हा टेउनिस दोर वळणाऱ्याचा मुलगा. जहाजातून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याला आला. दोरीला शिसं बांधून पाण्याची खोली मोजायची, दोन्ही पायांना सुया असलेलं कर्कटक कागदावर चालवत अंतर काढायचं. एवढ्यावर त्याने अख्खा किनारा उतरवला.

"काय हात होता रे त्याचा," सुनेत्रा मला फोनवर म्हणाली होती. "आजच्या फोटोवर ठेवला तरी रेघ हलत नाही."

एक जागा सोडून.

एका खाडीत त्याने गोड्या पाण्याची नदी दाखवली होती. सॅटेलाइटवर तिथे नदी नाही. नुसता चिखल आणि खारफुटी.

संग्राहकाला दुरुस्त केलेली प्रत हवी होती. सुनेत्राने नदी पुसली.

मागच्या अंगणात ओरडणारे मॅगपाय पक्षी गप्प झाले.

फ्रिजची घरघर थांबली...

मग भिंतीतून आवाज आला. टक्... टक्... टक्...

"छतात पॉसम असेल," विश्राम म्हणाला. तिकडे हे मांजराएवढे प्राणी घरांच्या छतात शिरतात.

संध्याकाळी उर्वीने भिंत दाखवली. स्टडीच्या दारापासून किचनपर्यंत प्लास्टरला भोकं पडली होती. सुईएवढी, एका ओळीत. दोन भोकांमधलं अंतर सगळीकडे सारखं.

जणू काहीतरी भिंतीवरून चालत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने फाइल उघडली, तर नदी जागेवर होती. सेव्ह झालं नसेल, असं समजून तिने ती परत पुसली.

पलीकडच्या खोलीत विश्राम मीटिंगमध्ये बोलत होता. बोलता बोलता मध्येच थांबला...

आणि ओरडला.

ती धावत गेली. त्याचा उजवा हात टेबलावर सपाट पडला होता. कोणीतरी दाबून धरावा तसा. मनगटाशी एक भोक. तिच्या डोळ्यांदेखत थोडं वर कातडी आत दबली... फाटली... रक्त आलं. मग आणखी वर. मग आणखी.

थेट कोपरापर्यंत.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये सोबतच्यांना आत सोडत नव्हते. ती कारमध्ये बसून राहिली. थोड्या वेळाने नर्स मास्क लावून पार्किंगमध्ये आली.

"एव्हरीथिंग ओके ॲट होम?" तिने विचारलं. मागच्या सीटवरच्या उर्वीकडे बघत विचारलं.

सुनेत्राला कळलं, हिला वाटतंय हे मीच केलं.

घरी आल्यावर तिने मुरलीधर सरांना फोन लावला. ते सिडनीत ब्लॅकटाउनला राहायचे. युनिव्हर्सिटीत जुन्या सागरी सफरींचा इतिहास शिकवून रिटायर झालेले.

"टेउनिसच्या नकाशातली ती नदी खोटी आहे, सर."

"माहितीये. जहाजावरचं पाणी संपलं होतं. टेउनिसने तिथल्या एका माणसाला पकडलं. गळ्यात दोर बांधला आणि पाणी दाखव म्हणाला. तो माणूस म्हणत असणार, इथे पाणी नाही. भाषा कोणाला कळत होती?"

"मग?"

सरांनी पलीकडे कागद चाळले.

"हातातलं कर्कटक त्याच्या अंगावर चालवलं. मनगटापासून गळ्यापर्यंत. खलाशांनी नंतर जबानी दिली होती. पण पाणी सापडलं म्हटलं की मेलेल्या माणसाचा जाब कोणी विचारणार नाही, म्हणून त्याने नकाशात खोटी नदी रेखाटली. पुढचं जहाज त्या नदीच्या भरवशावर गेलं. एकही माणूस परत आला नाही."

विश्रामने हे ऐकलं. "सुनेत्रा, त्या नदीला हात लावू नकोस."

शुक्रवारी दुपारी तो उर्वीला घेऊन वॉकला गेला. सुनेत्रा नकाशासमोर बसली. त्या निळ्या रेघेकडे बघून तिचं डोकं भणभणत होतं. घरात मी एकटीच आहे, जे व्हायचं ते मला होईल, असा विचार करून तिने नदी पुसली.

काहीच झालं नाही.

ती वाट बघत बसली...

पुढचं दार उघडलं. "मम्मा, इट्स रेनिंग, सो वी..."

वाक्य पुरं झालं नाही.

उर्वी पाठीवर आपटली आणि गळ्याने ओढली जाऊ लागली. स्टडीकडे. गळ्यात काही दिसत नव्हतं, पण दोराचा वळ लाल होत चालला होता. विश्रामने एका हाताने तिची कंबर धरली. ओढणारा सोडत नव्हता. उर्वीचे ओठ काळेनिळे पडले. सुनेत्राने तिच्या गळ्याशी बोटं घातली, तर बोटांना ओला, खरबरीत दोर लागला.

तिने तो धरून ठेवला.

मग तिच्या हाताच्या पाठीवर सुई उतरली. मग पुढे दुसरी. हाडावर घासल्याचा आवाज तिने ऐकला. तरी तिने हात काढला नाही. उर्वीचे पाय झाडायचे थांबले, तेव्हा तिला कळलं की दोर असा सुटणार नाही.

"धरून ठेव तिला," म्हणत ती कम्प्युटरकडे धावली.

अनडूचं बटण चालेना. माउस रक्ताने घसरत होता. नदी तिला स्वतःच्या हाताने परत रेखाटावी लागली. खाडीच्या तोंडापासून आत, एक एक वळण, जशी त्याने काढली होती तशी.

शेवटचं वळण जुळलं... आणि बाहेर उर्वीने श्वास घेतला.

सुनेत्राने नकाशा तसाच पाठवून दिला. संग्राहकाने काही विचारलं नाही. राज्याची बॉर्डर उघडल्यावर तिघं सिडनीला केलीव्हिलला राहायला गेले. त्यानंतर काही झालेलं नाही. उर्वीला त्या दुपारचं काही आठवत नाही, किंवा ती तसं सांगते.

गेल्या वर्षी मी त्यांच्याकडे गेलो होतो. आम्ही दोघंच चहा पीत बसलो होतो. मी विचारलं, अजून भीती वाटते का त्याची?

"त्याची नाही," ती म्हणाली. "त्याचं काम झालं. माझ्याकडून करून घेतलं त्याने."

मग बराच वेळ ती हाताची पाठ चोळत राहिली.

"तो दुसरा आहे ना, ज्याला मारलं. इथे पाणी नाही म्हणून सांगत होता तो. तो अजून आलेला नाही. आला तर मी काय सांगू त्याला?"