एकच फोटो

मला आगीच्या बंबांचे फोटो काढायचा नाद होता. बँकेतून निवृत्त झालेली माणसं सकाळी चालायला जातात, मी भायखळ्यापासून दादरपर्यंत बंबांच्या मागे फिरायचो. नऊशेच्या वर फोटो आहेत. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, सगळं वहीत. दसऱ्याला बंबांना झेंडूच्या माळा घालतात, तेव्हा मी पेढे घेऊन ओळखीच्या अग्निशमन केंद्रावर जाई. तिथले ड्रायव्हर लवू मेस्त्री चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. यशोदा म्हणे, लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, माझा एक धड फोटो नाही आणि त्या तांबड्या गाड्यांना कपाट पुरत नाही.

दुसरा नाद कीर्तनाचा. तो लहानपणापासूनचा. पूर्वरंग आटोपून बुक्का लागला, की उत्तररंगाला मी डोळे मिटून बसतो. झांज आणि बंबाची घंटा यांत माझ्या कानाला कधी फारसा फरक वाटला नाही. दोन्हीकडे कुणीतरी कुणाला तरी तारायला निघालेलं असतं.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी दुपारी मी आणि सम्यक लालबागला होतो. सम्यक काळाचौकीचा, रेल्वेत नोकरीला, तिशीचा. त्यालाही हाच नाद. बंब समोरून, मधोमध, दोन्ही दिवे सारखे दिसतील असा फोटो मला नऊशेंत एकदाही साधला नव्हता. भोंगा ऐकू आला तसा मी रस्त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. बंब करकचून थांबला. ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. मी कॅमेऱ्यावरून नजर न काढता एक बोट वर केलं.

"एकच," म्हणालो.

सम्यकने दंडाला धरून मला ओढलं, तोवर फोटो निघाला होता. सुरेख आला होता.

दुसऱ्या संध्याकाळी तो खोताच्या वाडीत आमच्या घरी आला. बस म्हटलं, बसला नाही. ज्या चाळीला आग लागली होती तिथे तिसऱ्या मजल्यावर शांताबाई नावाची बाई सज्जाला बाहेरून लोंबकळत होती, म्हणाला. शिडी तिच्यापासून हातभर राहिली आणि तिचे हात सुटले. मग त्याने फोन माझ्यापुढे धरला. त्याने मागून माझेच फोटो काढले होते, एकामागून एक. पहिल्यावर वेळ होती तीन बेचाळीस, सात सेकंद. शेवटच्यावर तीन बेचाळीस, अठरा सेकंद.

"अकरा सेकंद, काका. मी नाही मोजले. फोनने मोजले."

यशोदाने आणलेला चहा तसाच ठेवून तो गेला. पुन्हा आला नाही.

पंधरा दिवसांनी दादरला कीर्तन होतं. मी दाराशी बसलो होतो. उत्तररंगात बाहेर भोंगा वाजला. अशा वेळी बुवा हात वर करून थांबतात, गाडी गेली की पुढचा शब्द उचलतात. तसे थांबले. गाडी दारापाशी आली आणि तिथेच उभी राहिली. भोंगा चालूच. बुवांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. मग गाडी गेली.

तबलजी म्हणाला, "अकरा मात्रा झाल्या, बुवा. बंब अजून एक मात्रा थांबला असता तर एकताल पुरा होत होता."

सभागृह हसलं. रस्ता मोकळा होता, कशाला थांबली कोण जाणे, असं वॉचमन नंतर सांगत होता.

परळला अँब्युलन्स होती. मी फुटपाथवर एका बंद दुकानाला पाठ लावून उभा. सिग्नल हिरवा. अँब्युलन्स माझ्यासमोर येऊन थांबली. आतून कुणीतरी काचेवर हात आपटत होतं. लोक ड्रायव्हरला शिव्या घालायला लागले. तो समोर बघत बसला होता, माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. अकरा झाले तशी गाडी सुटली. पाटी घेऊन बसलेली कोळीण मला न्याहाळत होती.

"तुझ्यासाठी थांबली ती. कोण हाय तुझं आत?"

कोणी नाही, म्हटलं.

"मग सर की बाजूला."

मी बाजूलाच होतो.

लवू मेस्त्रींना भेटायला गेलो. त्यांनी मला फाटकातच अडवलं. दादरला त्या दिवशी बंब त्यांच्याच हातात होता.

"माझो पाय ब्रेकार नव्हतोच," ते म्हणाले. फाटक लावून घेत म्हणाले, "तुमी हय परत येव नकात."

मी बाहेर जाणं बंद केलं. कीर्तन सोडलं. आमच्या वाडीत बंब शिरत नाही, भिंतीला भिंत लागलेली लाकडी घरं. मागच्या खोलीत बसून राहायचं. निदान माझ्यापायी कुणाचे अकरा सेकंद जाणार नव्हते. बुवांशी काही बिनसलं का, असं यशोदा विचारायची. मी तिला काही सांगितलं नाही.

नोव्हेंबरात एका गुरुवारी, सकाळी सव्वाअकराला, ती भाजी चिरता चिरता खाली बसली. कपाळावर घाम. डावा हात उचलेना. शेजारच्या अवनीने फोनवरून अँब्युलन्स बोलावली. नऊ मिनिटांत येते, म्हणाली.

मी चपला घातल्या.

यशोदाने माझी बाही धरली. "कुठे निघालात?"

"आलोच," म्हटलं, आणि तिची बोटं एकेक करून सोडवली. अवनी माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती मला समजत होती.

गाडी मोठ्या रस्त्याने येणार, म्हणून मी उलटीकडे निघालो. रूळ ओलांडले, चौपाटी गाठली. वाळूतून चालत अगदी पाण्यापर्यंत गेलो आणि शहराकडे पाठ करून बसलो. इथे चाक येत नाही. मी नामस्मरण करू लागलो.

मागे भोंगा वाजला.

फोन आला. अवनी होती. "काका, अँब्युलन्स कुठे आहे? इथे फोनवर पोचली म्हणून दाखवतंय. वाडीत नाहीये."

मी वळून पाहिलं. ओल्या वाळूत चाकांच्या दोन सरळ खुणा माझ्यापर्यंत आल्या होत्या. अँब्युलन्सचा ड्रायव्हर समोर, समुद्राकडे बघत होता.

मी मोजलं. अकरा झाले.

गाडी हलली नाही.

बारा. तेरा. फोनमध्ये अवनी यशोदाला हाका मारत होती. मी उठून हात जोडले.

तेव्हा ड्रायव्हरने पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. काच वर होती. काचेआड त्याने एक बोट वर केलं.