पुढच्याचा हात

मी लिफ्ट तपासते. दोर झिजलेला दिसला की लिफ्ट बंद करते, दारावर पाटी लावते आणि वरच्या मजल्यावरच्यांच्या शिव्या खाते. दुसऱ्या दिवशी जाऊन बघावं तर पाटी कुणीतरी कोपऱ्यात टाकलेली आणि लिफ्ट खुशाल वर-खाली चालू! त्यामुळे पाट्या काढणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग आहे, हे आधीच सांगून टाकते. माझे भावोजी त्यातलेच.

भावोजींनी सायकलवाल्यांचा एक गट काढलाय. खडीच्या, मातीच्या रस्त्यांवर चालवायच्या या सायकली, जाड टायरच्या. पुढे भावोजी, त्यांच्या चाकाला चाक लावून माझी ताई, तिच्यामागे निवृत्त पोस्टमास्तर तात्या आणि शेवटी मी. आमच्यात एकच नियम कडक. पुढच्याला खड्डा दिसला की त्यानं त्या बाजूचा हात खाली करून बोट दाखवायचं. मागच्याला समोरच्या पाठीशिवाय काही दिसत नाही, म्हणून त्यानं खड्डा शोधत न बसता चाक वळवायचं आणि स्वतःचा हात तसाच खाली करायचा, त्याच्या मागच्यासाठी. शेवटी मीच असते, मला दाखवायला कुणी नसतं. तरी सवयीनं माझाही हात जातो.

त्या रविवारी आम्ही भावोजींच्या नव्या शर्यतीचा रस्ता बघायला निघालो होतो. शहरापासून लांब, उतारावरची शेतं, मधूनच सैनिकांचे जुने मोर्चे, म्हणजे सिमेंटचे फुटके बंकर, त्यांत वाढलेलं गवत. युद्धात इथून माघार घेताना एक अख्खी तुकडी खालच्या खोऱ्यात शिरली ती बाहेर आलीच नाही. सुरुंग त्यांच्याच बाजूनं पेरलेले, आणि वाट ठाऊक असलेला माणूस पुढे निघून गेलेला.

"हरवलेल्या तुकडीची शर्यत!" भावोजी म्हणाले. "कसं वाटतं नाव? लोक उड्या मारतील."

"मेलेल्या माणसांवर जाहिरात करताय," मी म्हटलं.

"तू लिफ्ट बघ गं," ते हसत म्हणाले. ताईही हसली. ते हसले की ती हसते.

खोऱ्याच्या तोंडाशी आडवा लोखंडी दांडा आणि पाटी होती. पुढे जाऊ नये, जमीन तपासलेली नाही. बाजूच्या बांधावर एक शेतकरीण गंजलेल्या तोफगोळ्यांचे तुकडे रचून ठेवत होती. दर नांगरटीला निघतात म्हणे, मग सैन्याची गाडी येऊन घेऊन जाते. भावोजींनी दांडा उचलला तशी तिनं कंबरेवर हात ठेवले.

"वाचता येतं ना?"

"अहो मावशी, जुनी पाटी आहे ती. एवढ्या वर्षांत काय राहिलंय आत?"

"माझा दीरही हेच म्हणायचा," ती म्हणाली आणि परत कामाला लागली.

मी ताईचं हँडल धरलं. "तू चल परत. त्यांना जाऊ दे हवं तर. हट्टापायी तुझा जीव का घालवायचा?"

"नको गं, मग दिवसभर तोंड फुगवून बसतील," ती हळूच म्हणाली आणि दांड्याखालून वाकून गेली. लग्न झाल्यापासून ती त्यांच्या चाकामागेच आहे. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. पण तिला एकटीला सोडून मी कुठे जाणार होते? तात्या म्हणाले, "आलीया भोगासी," आणि आम्ही दोघंही आत शिरलो.

रस्ता चांगला होता, हेच मला आधी खटकलं. खडी बारीक, सपाट, मध्ये गवताचा पट्टा. वारा नव्हता. थोडं पुढे गेल्यावर भावोजींचा डावा हात खाली गेला. मग ताईचा, मग तात्यांचा. मी वळवलं आणि जाताजाता डावीकडे पाहिलं. खड्डा नव्हता. दगडसुद्धा नव्हता. मग उजवा हात. तिथंही काही नाही. मग पुन्हा डावा, लगेच उजवा. सपाट रस्त्यावर आम्ही चौघं नागमोडी चाललो होतो, आणि मला वाटलं, भावोजी मला चिडवतायत. मी पाटीचं बोलले ना, त्याचा सूड.

एका मोर्चाच्या सावलीत ते पाणी प्यायला थांबले तेव्हा मी फटकन विचारलं, "पोरखेळ पुरे झाला का? काय दाखवताय मघापासून?"

"मी कुठे दाखवतोय?" ते बाटली तोंडाला लावून म्हणाले. "पुढचा दाखवतो ते मागे देतोय."

"पुढचा कोण?"

त्यांनी बाटली खाली घेतली. तात्यांना वाटलं विनोद आहे, ते खो खो हसले. भावोजींनी पुढच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लालबुंद झाला. तात्या हसले नसते तर बहुतेक ते परत फिरले असते. पण चारचौघांत हसं झालेलं त्यांना कधीच सोसलं नाही.

"तुमचं लक्ष आहे का बघत होतो," ते म्हणाले. "आता हातबित काही नाही. माझ्या चाकामागे सरळ यायचं."

"आपल्या चाकांच्या खुणा आहेत, त्यांवरून परत जाऊ," मी म्हटलं. "ताई, ऐक माझं. हात जोडते."

"तुझ्या बहिणीला सांग," भावोजी ताईला म्हणाले, "की तिची तपासणी तिच्या ऑफिसात." आणि त्यांनी पेडल मारलं. ताई सायकलवर बसली. मी दात-ओठ खात तिच्या पाठीकडे बघत राहिले, मग निघाले.

आता भावोजींचे दोन्ही हात हँडलवर होते, घट्ट. ते सरळ चालले होते. ताई त्यांच्या मागे, सरळ. चुकली वाट की संपलं, एवढंच माझ्या डोक्यात. माझ्या मागे खडी वाजत होती. आमच्याच चाकांचा आवाज मोर्चांच्या भिंतींवरून परत येत असेल, असं मी स्वतःला बजावलं. भिंती केव्हाच मागे पडल्या होत्या.

लांबवर डांबरी रस्ता दिसला.

तेव्हा ताईचा हात खाली गेला. डावा.

भावोजींचा गेला नव्हता. ते डाव्या अंगानं सरळच चालले होते.

ताईनं चाक उजवीकडे घेतलं. त्यांच्या चाकामागून ती बाहेर पडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. तात्या वळले. मी वळले. माझा हात आपोआप खाली गेला.

आवाज फार मोठा नव्हता. मातीचं ढेकूळ पत्र्यावर आपटावं तेवढाच. मग अंगावर खडी पडली.

"ताई, थांब!"

ती थांबली नाही. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. तिचा हात खाली जात होता, डावा, उजवा, डावा, आणि आम्ही तिच्यामागे वळत होतो. धुळीत भावोजी ओरडत होते, तिचं नाव घेऊन. डांबरावर आल्यावरच तिनं ब्रेक लावला.

फोन तात्यांनी केला. सुरुंग काढणारे आले, त्यांनी बोटाबोटानं जमीन तपासत जाऊन भावोजींना बाहेर आणलं. एक पाय गुडघ्याखाली गेला होता.

संध्याकाळी इस्पितळाच्या बाकावर मी तिला विचारलंच. "दिसत होतं तर ओरडली का नाहीस गं? त्यांना हाक का नाही मारलीस?"

"हात मागच्यांसाठी असतो," ती म्हणाली. आवाजात ना रडू ना राग. राग सगळा मलाच येत होता, त्यांचा, तिचा, त्या हसणाऱ्या तात्यांचा.

नर्सनं दारातून डोकं काढलं. "शुद्धीवर आलेत. बायकोला बोलावतायत." ताई उठली नाही.

तेवढ्यात सुरुंगवाल्यांचा अधिकारी आला. बुटांना माती तशीच. तो वैतागलेला दिसत होता.

"तुम्ही किती जण होतात?"

"चौघं," मी म्हटलं.

"बाई, खरं सांगा, माझी माणसं अजून आत आहेत. चाकांच्या खुणा प्रत्येक सुरुंगाला वळसा घालून गेल्यात, तो एक सोडून. ते कसं जमलं ते नंतर विचारतो. पण तुमच्यामागून पायी कोण आलं? बुटांचे ठसे आहेत, तुमच्या खुणांवर बरोब्बर पाय ठेवत आलेले. पुष्कळ आहेत. डांबरापर्यंत येतात. आत जाणारं पाऊल मात्र एकही सापडत नाही."

ताईनं दिवसभरात पहिल्यांदाच मान वर केली. नवऱ्याबद्दल तिनं अजून एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"सगळे आले ना बाहेर?" तिनं त्याला काळजीनं विचारलं.